बाळगोंडा अण्णांचं नाक

मालक म्हणाले, भरमू, सहांतल्या दोन निवड.
टिळकवाडीच्या हॉटेलात फ्रेंच वाईन ठेवायची आहे,
कार्डावर जागा दोघींनाच.
मुंबईचा माणूस नमुने ठेवून गेला, सोबत पुस्तिका:
काळी मनुका, ओली चकमक, देवदाराची पेटी.
मी देवदार पाहिलेला नाही.
चकमक आज्याच्या बटव्यात होती,
ती त्यानं कधी ओली होऊ दिली नाही.

म्हणून सहा बाटल्या टॉवेलात गुंडाळून
मी लाल बसनं निपाणी गाठली.
कंडक्टरला म्हटलं, काकवी आहे.

बाळगोंडा अण्णांनी चाळीस वर्षं तंबाखू पारखली,
एक चिमूट ओठामागं नाही.
दारूचं तर नावच नको, जैनाचं घर.
वखारीत बोद फुटला की दारातूनच सांगायचे,
हा अक्कोळचा, नदीकाठचा, पाणी जास्त झालंय.
हा भोजचा, पण वाळताना दव लागलंय.
व्यापारी आधी त्यांच्या नाकाकडं बघायचे,
मग दर बोलायचे.

"काय आणलास?"
"नुसता वास बघायचा आहे, अण्णा."
"दिवस बुडायच्या आत आटप. नंतर मी पाणीसुद्धा घेत नाही."
"वास चालतो?"
थोडा विचार केला त्यांनी.
"वास काय, येतोच की."

पहिली पांढरी, शाब्लीची.
डोळे मिटले. "विहिरीची कड.
उन्हाळ्यात तळ दिसतो तेव्हाची."
पुस्तिकेत तिथं चकमक होती.
मला विहीर बरी वाटली.

दुसरी: "ही गोड बोलती. घेऊ नको."
तिसरीला नुसतंच, "इरली."

चौथी बर्गंडीची, सगळ्यांत महाग,
मुंबईकरानं दोन्ही हातांनी दिलेली.
अण्णांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.
"भिजलेलं गोणपाट. बूच कुजलंय ह्याचं."
मी चाखली.
अठरा हजार रुपयांचा ओला पुठ्ठा.

पाचवी बोर्दो, वीस वर्षांची.
इथं अण्णा गप्प झाले.
ग्लास फिरवायचा असतो हे शिकवलं होतं मी,
त्यांनी फिरवला नाही.
बाहेर कुणीतरी सायकल लावली, घंटी वाजवली,
कुणी उठलं नाही.
"ही आमच्या वखारीतली," म्हणाले,
"चैत्रातली. दुपारचं पत्रे तापलेत,
बायका पानं निवडतात, खोकतात,
एकीच्या डोक्यात अबोली आहे."

मग विचारलं, "कुठली ही?"
मी लेबल वाचलं. मळ्याचं नाव, गाव, साल.
"गावाचं नाव बाटलीवर?"
"कायदा आहे तिकडं."
हसले. "आमच्या बोदावर नुसतं निपाणी.
अक्कोळ निपाणी, भोज निपाणी, सौंदलगा निपाणी.
आणि पाटीवर गावाचं नाव कुठल्या अक्षरात लिहायचं
ह्यातच डांबराचे डबे संपले."

सहावी उघडायची राहिली.
ऊन उंबऱ्याबाहेर गेलं होतं.

"आता तू पी," म्हणाले, "आणि सांग."
"काय?"
"चव. वासाचं मला कळलं.
पुढं काय होतं ते आजवर कुणी सांगितलं नाही.
तंबाखूचंसुद्धा."

मी पाचवीचा घोट घेतला, जिभेवर फिरवला.
पुस्तिकेतले शब्द आठवले,
ते त्यांच्यासमोर काढवेनात.
"तुरट," म्हटलं.
"ओगरु?"
"तेच. पण..."
"पण काय?"

हत्तरगीच्या टोलपर्यंत
तो पण माझ्या तोंडात होता.
मांडीवर बाटल्या एकमेकींना लागत होत्या,
शेजारचा म्हातारा म्हणाला, काकवी सांडेल, नीट धर.

कार्डावर दोघी गेल्या, पहिली आणि पाचवी.
शाब्लीपुढं मी 'विहिरीची कड' लिहिलं,
मालकांना आवडलं, ठेवलं.
बोर्दोपुढं 'वखार, चैत्र, अबोली' लिहिलं.
ते त्यांनी खोडलं. म्हणाले,
भरमू, लोक इथं जेवायला येतात.